ग्राहक खरेदी वर्तन म्हणजे काय? कंपन्या आपला अभ्यास नेमका कसा करतात?



मागच्या महिन्यात रात्री साडेअकराला मी कुकरची रिंग मागवायला शॉपिंग ॲप उघडलं. आईने सकाळपासून तीनदा आठवण केली होती. वीस मिनिटांनी ॲप बंद केलं तेव्हा मी ८९९ रुपयांचा एक नेकबँड मागवून बसलो होतो आणि कुकरची रिंग राहूनच गेली होती. बरं, माझ्याकडे चांगला चालणारा नेकबँड आधीपासून आहे. मग हा दुसरा का घेतला?

हा जो "का घेतला" आहे ना, त्याच्या उत्तरासाठी कंपन्या गेली शंभरेक वर्षं पैसा खर्च करत आहेत. मार्केटिंगमध्ये या विषयाला ग्राहक खरेदी वर्तन म्हणतात. माणसाला गरज कधी जाणवते, तो माहिती कुठे शोधतो, पर्यायांची तुलना कशी करतो, पैसे कधी देतो आणि वस्तू घरी आल्यावर खूश होतो की पस्तावतो, या सगळ्याचा हा अभ्यास. बीबीए-एमबीएच्या पुस्तकांत याच पाच पायऱ्या दिलेल्या असतात. १९६९ मध्ये जॉन हॉवर्ड आणि जगदीश शेठ या दोघांनी ग्राहक निर्णय कसा घेतो याचा एक मोठा आराखडा मांडला, तोही अजून अभ्यासक्रमात आहे. परीक्षेसाठी हे पाठ करायला हरकत नाही. पण माझ्या नेकबँडच्या बाबतीत गरज जाणवणं आणि पैसे देणं यांच्यामध्ये दोन मिनिटंसुद्धा गेली नव्हती. तुलना वगैरे तर सोडाच.

म्हणून या लेखात व्याख्या कमी आणि पद्धती जास्त सांगणार आहे. ग्राहकाच्या डोक्यात काय चाललंय हे शोधायला कंपन्या नेमकं काय करतात? कॉलेजात असताना मी नाशिकमध्ये घरोघरी जाऊन सर्व्हेचे फॉर्म भरून घ्यायचो. नंतर दोन वर्षं पुण्यात एका ॲप कंपनीत काम केलं. त्यामुळे यातलं बरंचसं ऐकीव नाही, डोळ्यांनी बघितलेलं आहे.

पहिली पद्धत: सरळ विचारा

२०१४ ची उन्हाळ्याची सुट्टी. केसांच्या तेलाचा सर्व्हे होता आणि भरलेल्या एका फॉर्ममागे २५ रुपये मिळायचे. मी सिडको आणि इंदिरानगर भागात फिरायचो. फॉर्मच्या पहिल्या पानावर तेलाचा उल्लेखच नव्हता. घरात वीज आहे का, पंखा, गॅस, दुचाकी, रंगीत टीव्ही, फ्रिज, वॉशिंग मशीन, कॉम्प्युटर, कार, एसी आहे का, शेतजमीन आहे का, असे अकरा प्रश्न. त्यासोबत घरात सगळ्यात जास्त कमावणाऱ्याचं शिक्षण किती. एका काकूंनी तर मला दारातच अडवलं. "तू तेलवाला आहेस की चोर? आमच्या घरात काय काय आहे ते तुला कशाला पाहिजे रे?"

मला तेव्हा उत्तर देता आलं नव्हतं, आता देतो. पगार किती असं विचारलं की लोक एक तर चिडतात नाही तर खोटं सांगतात. म्हणून २०११ मध्ये आपल्याकडच्या मार्केट रिसर्चवाल्यांनी एक पद्धत आणली. वस्तूंची संख्या आणि शिक्षण यांचा एक तक्ता केला आणि त्यावरून घर कुठल्या गटात बसतं हे ठरवायचं. ए-१ पासून ई-३ पर्यंत असे बारा गट. काकूंच्या दारात उभा राहून मी त्यांच्या घराला एक ग्रेड देत होतो आणि त्यांना त्याचा पत्ताही नव्हता.

सर्व्हेची सगळ्यात मोठी ताकद म्हणजे थोड्या खर्चात हजारो लोकांची माहिती मिळते. कमजोरी मला मे महिन्याच्या दुपारी कळली. दिवसाला आठ फॉर्मचं टार्गेट, दुपारी कोणी दार उघडत नाही. आमच्यातले बरेच जण उरलेले फॉर्म चहाच्या टपरीवर बसून भरायचे. मीही एकदा दोन भरले. सुपरवायझर काही घरांना फोन करून खात्री करायचे, त्यात माझे दोन निघाले नाहीत. म्हणजे त्या कंपनीच्या कुठल्या तरी फाईलमध्ये खोबरेल तेल वापरणाऱ्या दोन अशा बायका आहेत ज्या कधी जन्मालाच आल्या नाहीत. एखाद्या रिपोर्टमध्ये "६२ टक्के महिलांच्या मते" असं वाचलं की मला अजून त्या दोघी आठवतात.

पण फॉर्म प्रामाणिकपणे भरला तरी एक अडचण उरतेच. माणूस आपण जसे आहोत तसं सांगत नाही, जसं असायला हवं तसं सांगतो. एका ताईंनी मला महागड्या बदाम तेलाचं नाव सांगितलं आणि त्यांच्या मागच्या फळीवर वेगळीच, स्वस्तातली बाटली दिसत होती. त्या मुद्दाम खोटं बोलत होत्या असं मला वाटत नाही. सणावाराला बदाम तेल आणत असतील. मी फॉर्ममध्ये बदाम तेलच लिहिलं, कारण सूचना तशीच होती.

या अडचणीवर १९५० साली अमेरिकेत मेसन हेअर नावाच्या मानसशास्त्रज्ञाने एक मस्त युक्ती काढली. तेव्हा इन्स्टंट कॉफी नवीन होती आणि बायकांना विचारलं की "चव आवडत नाही" एवढंच उत्तर यायचं. हेअरने किराणा मालाच्या दोन याद्या बनवल्या. ब्रेड, गाजरं, बटाटे, बाकी सगळं सारखं, फरक फक्त एका ओळीचा. एका यादीत नेसकॅफेची इन्स्टंट कॉफी, दुसऱ्या यादीत मॅक्सवेल हाउसची नेहमीची कॉफी. एका गटाला पहिली यादी दाखवली, दुसऱ्या गटाला दुसरी, आणि विचारलं, ही यादी लिहिणारी बाई कशी असेल सांगा. इन्स्टंट कॉफीवाली यादी बघणाऱ्या जवळपास निम्म्या बायकांनी सांगितलं की ही बाई आळशी आहे, तिला घर नीट चालवता येत नाही. दुसऱ्या यादीबद्दल असं जवळजवळ कोणीच म्हणालं नाही. अडचण चवीची नव्हतीच. "इन्स्टंट घेतली तर लोक काय म्हणतील" ही होती. स्वतःबद्दल विचारलं की माणूस सावध होतो, दुसऱ्याबद्दल विचारलं की मनातलं बोलून जातो. आपल्याकडे मॅगी किंवा रेडिमेड इडलीचं पीठ आणणाऱ्या सुनेबद्दल कोण काय बोलतं ते आठवा, म्हणजे हा प्रयोग लगेच पटेल.

सर्व्हे सरकारही करतं. घरगुती खर्चाच्या २०२३-२४ च्या सर्वेक्षणात देशभरातल्या सुमारे २.६१ लाख कुटुंबांना विचारलं गेलं. खाण्यापिण्यावरच्या खर्चाचा वाटा ग्रामीण भागात ४७.०४ टक्के आणि शहरात ३९.६८ टक्के निघाला. २०११-१२ मध्ये ग्रामीण भागात हा आकडा ५२.९ टक्के होता. म्हणजे उरलेला खर्च मोबाईल, प्रवास, कपडे, शिक्षण अशा गोष्टींकडे सरकतोय, आणि कंपन्यांचा डोळा नेमका त्यावरच असतो. या सर्वेक्षणातली मला आवडलेली गोष्ट वेगळी आहे. प्रश्नावली तीन भागांत करून एकाच घरी तीन वेगवेगळ्या भेटी दिल्या गेल्या. एका बैठकीत शंभर प्रश्न विचारले की शेवटची उत्तरं कशी येतात ते माझ्यासारख्या फॉर्मवाल्याला विचारा!

दुसरी पद्धत: गप्प उभं राहून बघा

पॅको अंडरहिल या अमेरिकन माणसाने आयुष्यभर हेच केलं. दुकानात कॅमेरे लावायचे, माणसं उभी करायची आणि ग्राहक कुठे थांबतो, कशाला हात लावतो, कुठून परत फिरतो याच्या नोंदी घ्यायच्या. १९९९ च्या त्याच्या "व्हाय वी बाय" या पुस्तकात एक गंमत आहे. दुकानात दरवाजाजवळ टायचा स्टँड होता आणि विक्री होत नव्हती. व्हिडिओ बघितल्यावर कळलं की टाय बघायला वाकलेल्या माणसाला येणाऱ्या-जाणाऱ्यांचा मागून धक्का लागतो, दोनदा लागला की तो निघून जातो. स्टँड थोडा आत सरकवल्यावर विक्री वाढली. सर्व्हेमध्ये हे कधीच सापडलं नसतं, कारण "मला धक्का लागला म्हणून मी टाय घेतला नाही" हे त्या ग्राहकाला स्वतःलाच माहीत नसतं.

हा अभ्यास करायला कॅमेरेच लागतात असं नाही. माझ्या मामांचं सिन्नरजवळ किराणा दुकान आहे. संध्याकाळी सहा ते आठ गल्ल्याच्या मागे बसलं की अख्खा विषय कळतो. मजुरीवरून आलेली माणसं शॅम्पूची बाटली बघतही नाहीत, पुडी घेतात. शहरातला माणूस म्हणेल, सारखी सारखी पुडी कशाला, एकदाच बाटली घ्या. पण ज्याला पैसे रोज मिळतात तो खर्चही रोजच्या हिशोबाने करतो. सी. के. रंगनाथन यांनी १९८३ मध्ये तमिळनाडूत चिक शॅम्पूचा धंदा सुरू केला तो याच पुडीच्या जोरावर, आणि नंतर मोठमोठ्या कंपन्यांना त्या वाटेने यावं लागलं. आता हेच रिचार्जमध्ये बघा. २८ दिवसांचा पॅक, एका दिवसाचा डेटा पॅक, सगळी त्याच पुडीची भावंडं.

तिसरी पद्धत: मनाच्या आत डोकावणं

यावर फार वेळ घालवत नाही, कारण इथे अभ्यास कमी आणि गाजावाजा जास्त झालाय. व्हिएन्नाहून अमेरिकेत गेलेला अर्न्स्ट डिक्टर १९३९ च्या सुमारास लोकांशी तासन् तास गप्पा मारून साबणामागचं, गाडीमागचं "खरं कारण" शोधायचा. आजच्या ग्रुप डिस्कशनची मुळं त्या कामात आहेत. पुढे १९५७ मध्ये जेम्स व्हिकरी या माणसाने दावा केला की सिनेमाच्या पडद्यावर क्षणभर, डोळ्यांना दिसणारही नाही असा "पॉपकॉर्न खा" संदेश दाखवून त्याने विक्री वाढवली. जगभर खळबळ उडाली. काही वर्षांनी त्यानेच कबूल केलं की त्यात काही दम नव्हता. तरी आजही व्हॉट्सॲपवर हा किस्सा शास्त्र म्हणून फिरतो. तुमच्या ग्रुपवर आला तर आता उत्तर द्यायला तुमच्याकडे माहिती आहे.

मेंदूच्या स्कॅनचे प्रयोगही होतात. कोक आणि पेप्सी पिताना मेंदूत काय होतं यावरचा २००४ चा एक अभ्यास प्रसिद्ध आहे. ब्रँडचं नाव माहीत असलं की मेंदूचा प्रतिसाद बदलतो असं त्यात दिसलं. पण एमआरआयच्या मशीनमध्ये आडवं झोपून नळीने कोक पिणारा माणूस आणि टपरीवर मित्रांसोबत उभा असलेला माणूस, दोघं एक नव्हेत.

चौथी पद्धत: प्रयोग करा

इथे खरी मजा आहे, आणि तुमच्या फोनचा थेट संबंधही.

आधी जुना, फसलेला प्रयोग. १९८० च्या दशकात पेप्सी कोकला मागे टाकायला बघत होती. कोका-कोलाने नवीन चव तयार केली आणि सुमारे दोन लाख लोकांना ती पाजून बघितली. लोकांना नवीन चव जुन्यापेक्षा आणि पेप्सीपेक्षाही जास्त आवडली. २३ एप्रिल १९८५ ला कंपनीने जुना कोक बंद करून नवा आणला. लोक एवढे भडकले की ११ जुलैला जुना परत आणावा लागला. दोन लाखांचा नमुना कमी नाही. मग चुकलं कुठे? चाचणी होती घोटभर चवीची. घोटभर पिताना गोड चव पुढे जाते, अख्खी बाटली संपवताना तसं होईलच असं नाही. आणि लहानपणापासून जे पीत आलो ते कायमचं जाणार, हे दुःख कपातल्या घोटात मोजता येत नाही. चुकीचा प्रश्न दोन लाख लोकांना विचारला तरी उत्तर चुकीचंच येतं.

दुसरा गाजलेला प्रयोग जॅमचा. कॅलिफोर्नियातल्या एका दुकानात कधी २४ प्रकारचे जॅम चाखायला मांडले, कधी ६. शीना अय्यंगार आणि मार्क लेपर यांनी २००० मध्ये निष्कर्ष छापले. २४ जॅमपाशी जास्त लोक थांबले, पण थांबलेल्यांपैकी फक्त ३ टक्क्यांनी खरेदी केली. ६ जॅमपाशी हे प्रमाण ३० टक्के होतं. यावरून "पर्याय कमी द्या, विक्री वाढेल" असा मंत्र झाला. मोटिव्हेशनल रील्समध्ये तुम्ही तो ऐकला असेल. रील्सवाले पुढचं सांगत नाहीत. २०१० मध्ये अशा ५० प्रयोगांचा एकत्र हिशोब केला तेव्हा सरासरी परिणाम जवळपास शून्य आला. कधी जास्त पर्यायांनी माणूस गोंधळतो, कधी नाही. तुम्ही कॉलेजच्या प्रोजेक्टमध्ये जॅमचा प्रयोग लिहिणार असाल तर ही दुसरी बाजूही लिहा, सर खूश होतील.

आता फोनवर या. दुकानात प्रयोग करायला टेबल मांडावं लागतं. ॲपमध्ये तुम्ही स्वतःच टेबलासमोर उभे असता, रोज. याला ए/बी टेस्टिंग म्हणतात. समजा ॲपमध्ये "आत्ताच घ्या" या बटणाचा रंग बदलायचा आहे. कंपनी युजर्सचे चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गट पाडते. अर्ध्यांना जुना रंग, अर्ध्यांना नवा. चिठ्ठ्या टाकणं महत्त्वाचं, नाहीतर एका गटात पुण्याचे आणि दुसऱ्या गटात परभणीचे लोक जातील आणि फरक रंगाचा की गावाचा हे कळणार नाही. म्हणूनच तुमच्या आणि तुमच्या मित्राच्या फोनमध्ये तेच ॲप कधी कधी वेगळं दिसतं. अपडेट राहिलेलं असेलच असं नाही, तुम्ही दोघं वेगवेगळ्या गटात असू शकता.

समजा दोन्ही गटांत १०-१० हजार लोक. जुन्या रंगावर ३०० जणांनी खरेदी केली, नव्यावर ३४५ जणांनी. नवा रंग जिंकला? घाई करू नका. रंगाचा काहीही परिणाम नसतानाही निव्वळ योगायोगाने एवढा फरक दिसण्याची शक्यता शंभरात साधारण सात इतकी आहे. पण तीच टक्केवारी एक-एक लाख लोकांवर आली, म्हणजे ३,००० विरुद्ध ३,४५०, तर योगायोगाची शक्यता जवळपास संपते. मोठ्या कंपन्यांकडे हीच ताकद आहे. त्यांच्याकडे आपल्यापेक्षा हुशार माणसं असतीलही, पण त्याहून महत्त्वाचं म्हणजे त्यांच्याकडे मोजायला आपण कोट्यवधी आहोत.

मायक्रोसॉफ्टच्या बिंग सर्च इंजिनचा २०१२ चा किस्सा या क्षेत्रात सगळ्यांना पाठ असतो. एका कर्मचाऱ्याने सुचवलं की जाहिरातीच्या शीर्षकाची ओळ थोडी लांब करू. कल्पना किरकोळ म्हणून सहा महिन्यांहून जास्त पडून राहिली. शेवटी एका इंजिनिअरने टेस्ट लावली. उत्पन्न १२ टक्क्यांनी वाढलं. फक्त अमेरिकेत वर्षाला १० कोटी डॉलरपेक्षा जास्त. सगळ्या वरिष्ठांचा अंदाज चुकला होता.

पाचवी पद्धत: विचारूच नका, नोंदी ठेवा

टीव्हीच्या जमान्यात कोण काय बघतं हे कळायला घरात यंत्र बसवावं लागायचं. आजही टीआरपी तसाच काढतात, निवडक हजारो घरांत मीटर बसवून, आणि त्यावरून सगळ्या देशाचा अंदाज. फोनला वेगळं मीटर लागत नाही. ॲपमध्ये तुम्ही काय शोधलं, कुठल्या फोटोवर किती वेळ थांबलात, काय कार्टमध्ये टाकून काढलं, किती वाजता उघडलं, सगळ्याची नोंद होते. आमच्या कंपनीत याला "इव्हेंट" म्हणायचे. एका साध्या स्क्रीनवर चाळीसेक इव्हेंट लावलेले मी स्वतः बघितले आहेत.

या नोंदींचं काय करतात? एक उदाहरण पुरे. ॲमेझॉनच्या लोकांनी २००३ मध्ये आपली शिफारस करण्याची पद्धत एका लेखात उघड केली होती. आपल्याला वाटतं की ॲप "माझ्यासारखी माणसं" शोधतं. पण एवढ्या माणसांची एकमेकांशी तुलना करणं फार जड काम. त्यांनी उलटं केलं, वस्तूंची वस्तूंशी तुलना केली. रिंग लाईट घेणाऱ्या बऱ्याच जणांनी ट्रायपॉडही घेतला, तर या दोन वस्तू शेजारी-शेजारी. हा तक्ता आधीच तयार ठेवायचा. तुम्ही रिंग लाईट उघडला की ट्रायपॉड हजर. त्याला तुमचं मन कळलेलं नसतं, फक्त कुठली वस्तू कुठल्या वस्तूसोबत जाते एवढंच माहीत असतं. बऱ्याचदा तेवढंच पुरतं. "फोन आपलं बोलणं ऐकतो" असं ज्यांना वाटतं त्यांना मी हेच सांगतो, ऐकायची गरजच पडत नाही.

नोंदींची मर्यादा म्हणजे त्या "काय" सांगतात, "का" सांगत नाहीत. माझ्या नेकबँडची नोंद त्यांच्याकडे आहे: रात्री ११.४३, आवड इलेक्ट्रॉनिक्स. त्या दिवशी ऑफिसात माझं साहेबांशी वाजलं होतं, हे त्या नोंदीत नाही. पण रात्री अकरानंतर लोक जास्त खरेदी करतात एवढं दिसलं की "का" माहीत नसलं तरी नोटिफिकेशन अकराला पाठवता येतं.

अभ्यास की सापळा?

आता जे सांगतोय ते सांगायला थोडं जड जातंय. पुण्याच्या त्या ॲप कंपनीत मी जी टेस्ट चालवली त्यात मेंबरशिप रद्द करायची लिंक पानाच्या वरच्या भागातून तळाशी नेली आणि तिचा रंग फिका केला. दोन आठवड्यांत रद्द करणाऱ्यांचं प्रमाण कमी झालं. आकडा बघून टीमने टाळ्या वाजवल्या, मॅनेजरने समोसे मागवले. मीही खाल्ले. स्क्रीनवर फक्त एक आलेख होता, त्यात माणसं दिसत नव्हती.

वर्षभराने घरी आलो तेव्हा आई म्हणाली, "अरे, खात्यातून दर महिन्याला १९९ रुपये कसले जातात बघ जरा." तिने गोष्टी ऐकायचं एक ॲप १ रुपयाच्या ट्रायलवर घेतलं होतं. आमच्या कंपनीचं नव्हे, दुसरंच. सात महिने पैसे जात होते, एकूण १,३९३ रुपये. कापायच्या आधी मेसेज येत होते, ते बँकेच्या आणि लोनच्या मेसेजच्या गर्दीत वाहून गेले. मी रद्द करायची लिंक शोधायला लागलो. ती पानाच्या तळाशी होती, फिक्या रंगात. आई म्हणाली, "मला दिसलीच नाही बघ, डोळे तपासून घ्यायला पाहिजेत." तिचे डोळे ठीक आहेत, हे तिला सांगायला मला दोन दिवस लागले.

अशा डिझाइनला "डार्क पॅटर्न" म्हणतात. २०१० मध्ये हॅरी ब्रिगनल या ब्रिटिश डिझायनरने हे नाव दिलं. आपल्याकडे केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ ला याविरुद्ध मार्गदर्शक तत्त्वं काढली आणि १३ प्रकार नावानिशी सांगितले. खोटी घाई लावणं, म्हणजे "फक्त २ शिल्लक". न विचारता कार्टमध्ये विमा किंवा देणगी घालणं. "नको, मला पैसे वाचवायचे नाहीत" असं बटण ठेवून लाजवणं. आधी एक किंमत दाखवून शेवटच्या पानावर वेगवेगळे चार्जेस जोडणं. घेणं सोपं आणि सोडणं अवघड असं सबस्क्रिप्शन. आमची ती फिकी लिंक याच शेवटच्या प्रकारात मोडते. तुमच्या बाबतीत असं झालं तर स्क्रीनशॉट काढून ठेवा आणि राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईनला १९१५ वर तक्रार नोंदवा.

टाय स्टँड आत सरकवणं आणि लिंक खाली सरकवणं, दोन्ही अभ्यास करूनच केलेलं. पहिल्यात ग्राहकाची अडचण दूर झाली, दुसऱ्यात मुद्दाम तयार केली. एखादं ॲप कुठल्या बाजूचं आहे हे बघायचं असेल तर मी आधी त्याचं रद्द करायचं पान उघडून बघतो, मगच पैसे भरतो.

तुमच्या फोनमध्ये काय करता येईल?

यूपीआय ॲप उघडा आणि ऑटोपे किंवा मॅन्डेट असा भाग शोधा. यूपीआय ऑटोपेवर चालू असलेली सबस्क्रिप्शन्स तिथे दिसतात आणि नको असलेली तिथूनच बंद करता येतात, मूळ ॲपची फिकी लिंक शोधत बसायला नको. आई-बाबांच्या फोनमध्येही बघा, मला तिथेच सापडलं. अँड्रॉइडवर सेटिंग्जमध्ये गूगल, त्यात ॲड्स, तिथे जाहिरातीचा आयडी डिलीट करायची सोय आहे. फोनच्या कंपनीप्रमाणे जागा थोडी बदलते, नाही सापडलं तर सेटिंग्जच्या सर्चमध्ये "ॲड्स" टाका. आयफोनवर प्रायव्हसी अँड सिक्युरिटीमध्ये ट्रॅकिंग बंद करता येतं, ही सोय एप्रिल २०२१ मध्ये आयओएस १४.५ सोबत आली. याने जाहिराती थांबणार नाहीत, आणि एखादं ॲप स्वतःच्या आत ज्या नोंदी ठेवतं त्याही थांबणार नाहीत. वेगवेगळ्या ॲप्समधल्या तुमच्या नोंदी एकमेकींना जोडणं मात्र अवघड होतं.

आणि एकदा स्वतःचाच अभ्यास करून बघा. मी मागच्या ३० दिवसांचं यूपीआय स्टेटमेंट काढलं आणि किराणा, भाडं, पेट्रोल सोडून बाकी प्रत्येक पेमेंटसमोर वेळ लिहिली. ३८ पेमेंट्स निघाली. त्यातली १७ रात्री दहानंतरची होती आणि त्या १७ पैकी ११ वस्तू मी अजून एकदाही वापरलेल्या नाहीत. आता शॉपिंग ॲप्सची नोटिफिकेशन्स बंद आहेत आणि रात्री जे आवडेल ते कार्टमध्ये टाकून सकाळी बघतो. सकाळी त्यातलं बरंचसं मी का टाकलं तेच आठवत नाही.

नेकबँड परत करायची मुदत सात दिवसांची होती, मला आठव्या दिवशी आठवलं. कुकरची रिंग भांडी बाजारातून ७० रुपयांना आणली.